गुरमाल्याचे रिव्हेट ढिले झाले म्हणून वेल्डिंग करू नका

भाऊ, तुम्ही लिहिलंय की वडिलांच्या हातचा गुरमाला (प्लास्टर गुळगुळीत करायचं गवंड्याचं अवजार) आहे, त्याचं पातं पाठीवरच्या पट्टीपासून खुटखुट हलतंय आणि वेल्डिंगवाला म्हणतोय, "दोन टाके मारून देतो." एवढं वाचूनच लिहायला बसलो. मला सगळ्यात महाग पडला तो हाच टाका.

पातं जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर जाड, पाणी दिलेल्या (तापवून, बुडवून कडक केलेल्या) पोलादाचं. टाका पडला की तेवढ्या जागेचं पाणी उतरतं, निवताना धातू आकसतो आणि पात्याला पोक येतो. अंगठ्याने दाबलं तर डब्याच्या झाकणासारखं टक् वाजतं. मग फिनिशिंगच्या वेळी प्रत्येक हातासरशी भिंतीवर पट्टा उमटतो. ठोकून सपाट करायला गेलं तर पत्रा ताणून आणखी बिघडतो.

आधी पातं आणि पट्टीच्या फटीत अडकलेलं सिमेंट काढा. हेक्सॉचं जुनं पान आत सरकवा, वरून रॉकेलचे चार थेंब सोडा. ही फट साफ नसेल तर रिव्हेट (पातं पट्टीला जोडणारी खीळ) कितीही ठोका, महिन्याभरात पुन्हा ढिलाच. मग गुरमाल्याचं घासायचं तोंड खाली करून रिव्हेटचं डोकं रुळाच्या तुकड्यावर टेकवा आणि पाठीकडून गोल डोक्याच्या बॉलपिन हातोडीने पाच-सहा हलके ठोके द्या. बरेचदा एवढ्यावर भागतं.

नाहीच भागलं तर पाठीकडून ड्रिल मारून जुना रिव्हेट काढा. भोक लांबट झालं असेल तर एक माप मोठा घ्या. ४ मिमीचा रिव्हेट असेल तर ठोकायला साधारण ५ मिमी शेंडा वर राहू द्या. मधला आधी, टोकाचे नंतर. उलट केलं तर मध्ये फुगा राहतो. प्रत्येक रिव्हेटनंतर स्टीलची फूटपट्टी आडवी धरून उजेडात बघा. लांबीत किंचित बाक असेल तर असू द्या, तो वापराने आलेला असतो.

रिव्हेट लोखंडीच घ्या, नागपूरला इतवारीत लोहाओळीत मिळतात. ॲल्युमिनियमचे चकचकीत दिसतात, पण ओल्या सिमेंटचा क्षार त्यांना खातो. गनने ओढून बसवायचे पॉप रिव्हेट तर नकोच, त्याचं डोकं वर राहून रेघा ओढतं. (ज्यांचे रिव्हेट बाहेरून दिसतच नाहीत, त्या ओतीव पट्टीच्या गुरमाल्याला यातलं काही लागू नाही.)

मूठही हलत असेल तर रात्रभर पाण्यात भिजवायचा सल्ला ऐकू नका. लाकूड फुगून घट्ट वाटतं, पण नागपूरच्या मे महिन्यात सुकलं की आधीपेक्षा सैल होतं, वर आतली सळई गंजते. भोक खरवडून कोरडं करा, अराल्डाइट भरा, २४ तास हात लावू नका. नंतर मुठीला जवसाचं तेल पातळ चोळा. ती चिंधी मात्र चुरगाळून कोपऱ्यात फेकू नका, आपोआप पेट घेऊ शकते. पाण्यात बुडवून मगच टाका.

कडेला ग्राइंडर अजिबात लावू नका, तापून निळी पडली की तिचं पाणी गेलं. लाकडी ठोकळ्यावर १२० नंबरचा आणि मग २२० नंबरचा एमरी पेपर लावून कडेच्या लांबीने फिरवा. वाळलेलं सिमेंट काढायला संडास साफ करायचं ॲसिड वापरणारे महाभाग आहेत, त्याने पोलादाला खड्डे पडतात. काम संपलं की धुवा, पुसा, मशीनच्या तेलाचा हात फिरवा. दुसऱ्या दिवशी पीओपीचं काम असेल तर आधी ते तेल साबणाने काढा.