माझ्या एमजीबीला (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) फोर्डचा टाइप 9 गिअरबॉक्स (पाच गिअर) बसवलाय. डिफरन्शियल 3.9 ठेवू की 3.07 करू?

3.909 च ठेवा, म्हणजे मागच्या चाकांच्या एका फेऱ्याला प्रॉपशाफ्टचे (गिअरबॉक्सपासून मागच्या अॅक्सलपर्यंतचा दांडा) 3.909 फेरे.

"टाइप 9 टाकला की मागे 3.07 हवंच" हे पालुपद ऐकून माझे कान किटलेत. पुरावा दरवेळी एकच: कारखान्यानेच एमजीबीच्या जीटी व्ही8 मॉडेलला 3.07 दिलं होतं. दिलं होतं ना! पण त्या 3528 सीसी इंजिनाचा टॉर्क होता 262 न्यूटन-मीटर. तुमच्या 1798 सीसीचा 149, तोही 3000 आरपीएमच्या आसपास.

165 आर 14 टायरचा रोलिंग परीघ 1.88 मीटर धरा. पाचवा 0.82, गुणिले 3.909 म्हणजे एकूण 3.205, हजार आरपीएमला 35 किमी. इंग्लंडच्या मोटरवेवरची 70 मैलांची मर्यादा (113 किमी) 3200 ला येते. टॉर्कच्या शिखराच्या किंचित वर, त्यामुळे साधा चढ पाचव्यातच निघतो. 3.07 लावलंत तर तोच वेग 2500 ला. ऐकायला झकास, पण चढ लागला की इंजिन गुदमरतं, चौथा टाकावा लागतो आणि चौथ्यात काटा 3070 वर. म्हणजे आधी पाचव्यात होतात जवळजवळ तिथेच परत. पैसे मोजून पाचवा घेतला आणि आणखी पैसे मोजून तो घालवला.

पहिल्याची गत वाईटच. नंतरच्या मूळ बॉक्सचा पहिला 3.44, गुणिले 3.909 म्हणजे 13.4. टाइप 9 चा 3.65 गुणिले 3.07 म्हणजे 11.2. चढावर गाडी उचलताना हाफ-क्लचवर प्लेट जळणार.

"पहिला लगेच संपतो" ही तक्रार खरी आहे, पण तिचं मूळ बॉक्समध्ये आहे. 3.65 वरून थेट 1.97: पहिल्यात 4000 ला गिअर बदललात की दुसऱ्यात 2160 वर आपटता. डिफरन्शियल कुठलंही लावा, ही दरी तेवढीच राहते. त्यावर इलाज म्हणजे लांब पहिल्याचा (3.65 पेक्षा लहान आकड्याचा) गिअरसेट.

आधी मागे नक्की काय आहे ते तपासा. जुन्या मालकांनी काय काय केलेलं असतं! गाडी न्यूट्रलमध्ये, एक मागचं चाक जमिनीवर, दुसरं उचललेलं, बाकीच्या चाकांना लाकडी ठोकळे. प्रॉपशाफ्टवर खडूची खूण करा आणि उचललेलं चाक 20 फेरे फिरवा. एकच चाक फिरतंय, म्हणून शाफ्ट निम्माच फिरतो: त्याचे 39 फेरे झाले तर 3.909, पावणेएकतीसच्या आसपास झाले तर 3.07.

बदलायचंच ठरलं तर सुरुवातीच्या बॅंजो अॅक्सलचा कॅरिअर (डिफरन्शियलचा गाभा) अख्खा पुढून निघतो, सोपं काम. नंतरच्या ट्यूब अॅक्सलमध्ये केसिंग फाकवायला स्प्रेडर लागतो, पिनियनचे शिम (पातळ चकत्या) जुळवावे लागतात. तिथे जुगाड केलात तर हौजिंग जन्मभर रडेल.

हां, इंजिन बोअर वाढवून टॉर्कसाठी बांधलेलं असेल तर एमजीसीचं (एमजीबीची सहा सिलिंडरवाली बहीण) 3.307 विचारात घ्या. आणि टायर 185/65 असतील तर ते सुमारे 4 टक्के लहान, त्या हिशेबाने 3200 चे 3340 धरा.

स्पीडोमीटर मात्र अॅक्सल ठरल्यावरच कॅलिब्रेटला द्या. टायरची हवा बरोबर भरून, गाडी न्यूट्रलमध्ये, केबल मीटरकडून सोडवा, टोकाला पुठ्ठ्याचा काटा लावा आणि गाडी सरळ रेषेत 16.09 मीटर (मैलाचा शंभरावा भाग) ढकला. काट्याचे फेरे गुणिले 100, हा आकडा दुकानदाराला लिहून द्या.