जुनी पेटी घेताय? आधी झाकण उघडून पहा

जुन्या हार्मोनियमबद्दल दर आठवड्याला तेच ते विचारून राहिले लोक, म्हणून यावेळी सगळ्यांना एकत्रच उत्तरं देतो.

विकणारा म्हणतो हातपेटी १८५० सालची आहे. खरं असेल?
नाही. पायाने चालवायच्या हार्मोनियमचं पेटंटच पॅरिसमध्ये १८४२ चं, आणि आपली हाताने भाता मारायची पेटी कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी केली ती १८७५ च्या आसपास.

नागपूरच्या महाल भागातल्या एका घरची पेटी आहे, 'जर्मन सूर' म्हणून पंचवीस हजार सांगतात. घेऊ का?
सूर म्हणजे पेटीच्या आतल्या, आवाज काढणाऱ्या पितळी जिभा. आत पाहिलं का? नाही ना, मग जर्मन कशावरून? जुन्या काळी जर्मनीचे, पॅरिसचे सूर यायचे आणि गोड असायचे हे खरंच आहे, पण गुजरातेत पालिताण्यालाही सूर बनतात आणि तेही चांगले असतात, नुसत्या शिक्क्यावर काय जाता? मूळचे जर्मन असले तरी आतापर्यंत किती वेळा घासले ते पहा. सूर चढवायचा तर पितळी जीभ टोकाशी घासतात, उतरवायचा तर बुडाशी, आणि गेलेला धातू परत येत नाही. साडेतीन सप्तकांच्या डबल लाइन पेटीत, म्हणजे दर पट्टीला दोन सूर असलेल्या, ८४ सूर, त्यातले वीस बदलावे लागले तर जुनं काय उरलं? जाणकाराला सोबत न्या. झाकण उघडू देत नसतील तर उठून या.

ऑर्गनच्या पट्ट्या हस्तिदंती आहेत म्हणे...
वनविभागाला विचारल्याशिवाय हात लावू नका. हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीवर कायद्याने बंदी आहे, 'जुनं आहे, चालतं' हे सांगोवांगीचं.

मार्चमध्ये जुनी पेटी घेतली. मे लागल्यापासून दोन पट्ट्या अडकतात, भाता लवकर बसतो. दुकानदार म्हणतो वाजवत राहा, सुटतील.
पेटी कूलरसमोर ठेवलीय ना? नागपुरात माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या पेट्यांचं दुखणं हेच, आणि दरवर्षी सांगूनही कोणी ऐकत नाही! दिवसा बाहेर ४५ अंश, खोली बंद, लाकूड वाळून आकसतं, संध्याकाळी घरी आलो की कूलर सुरू आणि तेच लाकूड ओल पिऊन फुगतं, असं रोज, दोन-अडीच महिने. मग पट्टी शेजारच्या पट्टीला घासते, खालची चामड्याची गादी भोकावर नीट बसत नाही, हवा गळते, पट्टीच्या कमानी (स्प्रिंगा) गंजतात. गेल्या जूनमध्ये एक पेटी उघडली तर खालच्या सप्तकातल्या सुरांवर हिरवट थर होता, बोटाने पुसला तर बोट हिरवं झालं, आणि वरून पॉलिश अगदी आरशासारखं. हे पॉलिशच मला आवडत नाही बाप्पा, विकायच्या आधी केलेलं पॉलिश तडे झाकायलाच असतं. तुम्ही आजच समोरचे ओढायचे खटके उघडून, एकही पट्टी न दाबता भाता भरा. झटकन बसला किंवा एखादा सूर आपोआप बोलला तर वाजवणं थांबवा. पेटी आतल्या खोलीत, भिंतीपासून दूर, कापडात ठेवा आणि याच आठवड्यात कारागिराला दाखवा, पावसाळा झाल्यावर पाहू म्हणाल तर भाताच बदलावा लागेल. पट्टी घरी कानशीने घासू नका, वाळली की ती सैल पडते.

व्हिडिओ पाहून ऑनलाइन मागवू का?
नको. भात्याची गळती व्हिडिओत ऐकू येत नाही.