सेडानचा पहिला आणि रिव्हर्स गिअर पडत नाही, गिअरबॉक्स उतरवावाच लागेल का?

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. २०१५ ची पेट्रोल सेडान, मॅन्युअल, सेकंड हँड घेतलेली, ८६ हजार किलोमीटर झालेली. उभ्या गाडीत पहिला आणि रिव्हर्स अडतो, कधी खर्रकन आवाज येतो, पण चालत्या गाडीत तिसरा-चौथा बऱ्यापैकी लागतो. मिस्त्री म्हणतो बॉक्स उतरवावा लागेल, आणि त्याने सांगितलेला आकडा ऐकून तुम्ही धास्तावलात. शिवाय तुमच्या साळ्याची ऑटोमॅटिक कधी कधी 'पी' (पार्किंग) मधून हलतच नाही, तेही विचारलंय.

मी यवतमाळ जिल्ह्यात, पुसदच्या बाजूला, सतरा वर्षांपासून गॅरेजचं काम करतो. तुमचा मिस्त्री चुकीचाच आहे असं मी इथं बसून म्हणणार नाही. पण बॉक्सला पाना लागण्याआधी दहा मिनिटांची एक तपासणी अंगणात स्वतः करून घ्या.

गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद. क्लच दाबून सगळे गिअर एकेक करून टाकून बघा, रिव्हर्ससकट. एखादा अर्ध्यावर अडला तर न्यूट्रल करून हँडब्रेक सोडा, गाडी वीतभर पुढे-मागे ढकला, हँडब्रेक ओढा आणि पुन्हा टाका. आतले दाते समोरासमोर आले की तसं होतं, तो बिघाड नव्हे. बंद गाडीत सगळे गिअर सहज पडले आणि इंजिन चालू केल्यावरच पहिला-रिव्हर्स अडले, तर बॉक्स शाबूत आहे असं धरून चाला. क्लच पूर्ण सुटत नाहीये. पेडल तळाशी दाबलं तरी इंजिन बॉक्सच्या शाफ्टला थोडं थोडं फिरवत राहतं, आणि उभ्या गाडीत फिरत्या दात्यांमध्ये गिअर बसायला जागा मिळत नाही. रिव्हर्सला बऱ्याच गाड्यांत सिंक्रो, म्हणजे दात्यांचा वेग जुळवणारी रिंग, नसतो, म्हणून तो आधी ओरडतो. बंद गाडीतही तेच गिअर पडत नसतील तर मात्र क्लच सोडून केबलकडे वळा.

क्लचचं आधी सांगतो. सगळ्यात पहिले पायाखाली बघा. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीचा चिखल चपलेला किलोभर चिकटून येतो, म्हणून बरेच कास्तकार मॅटवर बारदाना टाकतात. मागच्या वर्षी जुलैत आर्णीकडची एक गाडी माझ्याकडे टोचन करून आणली होती. तक्रार तुमचीच, पहिला पडत नाही. मी दार उघडून खाली वाकलो तर कंपनीचं मॅट, त्यावर जाड रबरी मॅट, त्यावर चौपदरी घडी घातलेलं पोतं, आणि पोत्यावर वाळून दगड झालेला चिखलाचा थर. पेडल तळाला टेकायला दोन बोटं कमी पडत होती. सगळं काढून बाहेर फेकलं, क्लच दाबला, पहिला गिअर पडला. त्या माणसाने दुसऱ्या गॅरेजला क्लच प्लेटसाठी उचल दिलेली होती.

पाय मोकळा असूनही तेच होत असेल तर क्लच भराभर तीन-चार वेळा पंप करा आणि लगेच गिअर टाका. पंप केल्यावर पडला तर हायड्रॉलिकमध्ये हवा आहे किंवा तेल गळतंय. बऱ्याच सेडानमध्ये क्लच आणि ब्रेकच्या तेलाची डबी एकच असते, आणि क्लचची नळी डबीत वरच्या अंगाला असते. तेल कमी झालं की आधी क्लच रुसतो, ब्रेक अजून लागत असतो. म्हणून असा क्लच म्हणजे ब्रेकसाठीही आगाऊ इशारा समजा आणि तेल कुठं जातंय ते शोधल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका. आत पेडलचा दांडा जिथं पत्र्यातून पलीकडे जातो तिथं बोट फिरवा. ओलं लागलं तर मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलकडून तेल ढकलणारा. बोनेट उघडून बॉक्सवरच्या छोट्या सिलिंडरचं रबर मागे सारा, तिथून थेंब पडला तर स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे त्या तेलाच्या दाबाने क्लच सोडवणारा. काही गाड्यांत स्लेव्ह बॉक्सच्या आत बेअरिंगसोबतच असतो, त्यासाठी मात्र बॉक्स उतरवावा लागतो. डबीत तेच तेल घाला जे झाकणावर लिहिलंय, डॉट ३ किंवा डॉट ४. इंजिन ऑइल घातलेलं मी पाहिलंय. रबराचे सगळे सील फुगतात आणि ब्रेकसकट सगळं बदलावं लागतं.

आता केबल. तुमच्या वर्णनातली 'तिसरा-चौथा लागतो' ही गोष्ट मला म्हणूनच महत्त्वाची वाटली. अशा गाड्यांत इंजिन आडवं असतं आणि लिव्हरपासून बॉक्सपर्यंत दोन केबल जातात. एक गिअर पुढे-मागे ढकलते, दुसरी डावी-उजवी ओळ निवडते. निवडणारी केबल सुटली किंवा तिच्या टोकातला प्लॅस्टिकचा बुश गेला की बॉक्समधली स्प्रिंग ओळ मधोमध आणून ठेवते, आणि मधली ओळ बहुतेक गाड्यांत तिसऱ्या-चौथ्याची असते. मग लिव्हर कितीही डावीकडे दाबा, पहिला सापडतच नाही.

हे मी शिकलो ती गाडी अजून डोळ्यांसमोर आहे. महागाव तालुक्यातले एक सेवानिवृत्त गुरुजी, नातीच्या बारशाला निघालेले, तिसऱ्या गिअरवर गाडी ओढत माझ्या दारात आले. क्लचचा जळका वास, लिव्हर खिळखिळं. मला तेव्हा वाटलं आतला गिअर सरकवणारा फोर्क वाकलाय, आणि मी बॉक्स उतरवला. दीड दिवस गेला. आत सगळं स्वच्छ. परत चढवताना केबलचं टोक हातात आलं तेव्हा कळलं. त्यातला प्लॅस्टिकचा बुश वाळलेल्या तुरीच्या शेंगेसारखा चिमटीत चुरा झाला. गुरुजींकडून मी मजुरी घेतली नाही, पण त्यांचं बारसं चुकलं ते चुकलंच. त्या दिवसापासून बॉक्सला हात लावण्याआधी मी एका पोराला आत बसवतो आणि स्वतः बोनेटखाली बॅटरीशेजारी डोकं घालतो. तुम्हीही तेच करा. इंजिन बंद ठेवून आतल्याला लिव्हर सगळीकडे फिरवायला सांगा आणि बॉक्सवरच्या दोन्ही आर्म बघा. केबलचं टोक हलतंय पण आर्म हलत नाही, किंवा बोटभर उशिरा हलतो, तर बुश गेला. बऱ्याच कंपन्या बुश सुटा देत नाहीत, पूर्ण केबल घ्या म्हणतात. जुनी केबल आत मोकळी फिरत असेल तर बाजारात मिळणारा सुटा बुश चालतो, केबलच जड झाली असेल तर नवीनच घ्या. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा बोनेटखालचं प्लॅस्टिक भाजून निघतं, आणि मग पांदणीची धूळ त्यात कानसेचं काम करते. बुश जाणारच.

गिअर ऑइलकडे आपल्याकडे कोणीच बघत नाही. यात दोन गोष्टी बिघडतात. एक म्हणजे चुकीचं तेल. तालुक्याच्या दुकानात गिअर ऑइल मागितलं की ट्रॅक्टरचं ९० नंबरचं हातात देतात. सेडानच्या बॉक्सला साधारण दोन लिटर पातळ तेल लागतं, बहुतेक ठिकाणी ७५ डब्ल्यू ८० किंवा ७५ डब्ल्यू ९०, नेमकं कोणतं ते गाडीच्या पुस्तकात असतं. जाड तेल घातलं की डिसेंबरच्या सकाळी दुसरा गिअर दगडासारखा होतो आणि गाडी तापल्यावर सुधारतो. डब्यावर तेलाचा दर्जाही लिहिलेला असतो, जीएल-४ मागणाऱ्या बॉक्समध्ये जीएल-५ घालू नका, काही बॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगांना ते मानवत नाही. दुसरं म्हणजे पाणी. रपट्यावरून पाणी वाहत असताना गाडी घातली असेल तर बॉक्सच्या श्वासनळीतून पाणी आत जातं. ड्रेन बोल्ट ढिला करून थोडं तेल काढा. दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्याच दिवशी बदला, आणि दोन-तीनशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा. त्या पाण्यात बेअरिंग गंजले तर मग बॉक्स खरंच खोलावा लागतो.

बॉक्स उतरवण्याशिवाय गत्यंतर नाही अशीही लक्षणं आहेत, तीही ओळखून ठेवा. चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगाने चालताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा उडी मारतो आणि गाडी तिथंच राहते, तर क्लच प्लेट संपली. पेडल दाबलं की घरघर सुरू होते, तर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग. न्यूट्रलमध्ये घरघर असते आणि पेडल दाबलं की थांबते, तर बॉक्समधलं बेअरिंग. चालत्या गाडीत एकाच गिअरला, समजा दुसऱ्याला, प्रत्येक वेळी खर्र होतं आणि बाकी सगळे चांगले, तर त्या गिअरचा सिंक्रो. गिअर आपोआप सटकून न्यूट्रल होत असेल तर आधी इंजिनचे माउंटिंग तपासून घ्या. तुटलेल्या माउंटिंगवर इंजिन डुलतं आणि केबल ओढून गिअर काढतं.

उतरवायचंच ठरलं तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग तिन्ही एकदम बदला. मजुरी एकच लागते, मग बेअरिंगवर पैसे वाचवून सहा महिन्यांनी परत बॉक्स कशाला उतरवायचा? फ्लायव्हीलवर निळे डाग आहेत का, इंजिनच्या मागच्या सीलमधून तेल येतंय का, हे समोर उभं राहून बघा. जुने पार्ट मागून घ्या. बॉक्स चढवल्यावर नवीन तेल भरलं की नाही हेही विचारा. ड्राइव्ह शाफ्ट काढताना तेल सांडतं, आणि कोरड्या बॉक्सने नेलेल्या गाड्या मी दुरुस्त केल्या आहेत.

आता साळ्याची ऑटोमॅटिक. लिव्हर 'पी' मधून निघण्यासाठी ब्रेक दाबल्याचा संदेश लागतो, आणि तो ब्रेक लाइटच्या स्विचवरून येतो. म्हणून अडेल तेव्हा मागे कोणाला तरी उभं करून ब्रेक दाबा. मागचे लाल दिवे लागले नाहीत तर स्विच किंवा फ्यूज गेलाय, दोन्ही स्वस्त. बॅटरी उतरली असली तरी हेच होतं. अडचणीत असाल तर बऱ्याच गाड्यांत लिव्हरशेजारी छोटं झाकण असतं. ते उचकटून आत चावी दाबली की लॉक सुटतं, हँडब्रेक मात्र आधी ओढलेला हवा. दिवे लागतात पण चढावर उभी केल्यावरच अडते आणि टक्क आवाजाने सुटते, तर सवय बदला. थांबल्यावर पाय ब्रेकवर ठेवून 'एन' (न्यूट्रल), मग हँडब्रेक, मग पाय उचलून गाडीचं वजन हँडब्रेकवर येऊ द्या, पुन्हा पाय ठेवून 'पी'. नाहीतर सगळं वजन आतल्या एका खुंटीवर येतं.

एक गोष्ट मी प्रत्येक ऑटोमॅटिकवाल्याला सांगतो, कारण आपल्या भागात हीच सर्वात महागात पडते. गाडी बंद पडली की गावात पहिला विचार ट्रॅक्टर आणि दोराचा येतो. पुढची चाकं रस्त्यावर ठेवून ऑटोमॅटिक ओढत नेऊ नका. इंजिन बंद म्हणजे बॉक्सचा तेलपंप बंद, आणि चाकं मात्र आतले भाग कोरडे फिरवत राहतात. पुढची चाकं उचलून न्या, नाहीतर पूर्ण गाडी ट्रकवर घ्या, एक दिवस थांबावं लागलं तरी चालेल. ऑटोमॅटिक म्हणून विकल्या जाणाऱ्या सगळ्या गाड्यांत एकच यंत्र नसतं हेही साळ्याला सांगा. सिटीमध्ये २०१४ पासून पट्टा आणि पुलीवर चालणारी सीव्हीटी आहे, सियाझमध्ये चार गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे तेलातून ताकद पोचवणारा जुन्या पद्धतीचा ऑटोमॅटिक, स्लाव्हिया आणि व्हर्टसच्या दीड लिटर इंजिनाला सात गिअरचा ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचचा बॉक्स. तिघांचं तेल वेगळं. सीव्हीटीत साधं ऑटोमॅटिकचं तेल भरलं तर पट्टा घसरतो. ड्युअल क्लचवाल्याने कापसाच्या ट्रॅक्टरमागे इंच-इंच सरकू नये. अंतर पडू द्यावं आणि मग एकदम गाडी घ्यावी, नाहीतर आतले क्लच अर्धवट लागून तापतात.

तुम्ही आज संध्याकाळी इंजिन बंद करून गिअर टाकून बघा आणि दोनच गोष्टी इथं खाली लिहा: बंद गाडीत पहिला पडतो का, आणि डबीतलं तेल कोणत्या रेषेला आहे. तोवर मिस्त्रीला थांबायला सांगा.