‘कट्’ आवाज आला म्हणजे मणका बसला का?

प्रश्न : माझ्या यजमानांची कंबर दोन महिन्यांपासून दुखते आहे. ठाण्याहून फोर्टला रोजचा लोकलचा प्रवास आणि दिवसभर बैठे काम असते. एमआरआयमध्ये मणक्याची चकती किंचित बाहेर आल्याचे लिहिले आहे. घोडबंदर रोडवरील एका कायरोप्रॅक्टिक (हाताने मणक्यांना झटका देऊन उपचार करणाऱ्या) क्लिनिकमध्ये ‘मणका सरकला आहे, बारा वेळा यावे लागेल’ असे सांगून सर्व पैसे आगाऊ मागितले. पहिल्याच वेळी मोठा आवाज आला आणि त्यांना बरेही वाटले. पुढे जावे का?
— एक वाचक, ठाणे (पश्चिम)

उत्तर : तो आवाज मणका जागेवर बसल्याचा नव्हता. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. झटका दिल्यावर सांध्याचे दोन पृष्ठभाग एकदम दूर होतात, आतला दाब उतरतो आणि त्या द्रवात वायूची पोकळी तयार होते. बोटे मोडताना येणारा आवाज याच कारणाने येतो, आणि एकदा मोडलेले बोट लगेच पुन्हा मोडत नाही तेही त्यामुळेच. मणका खरोखर पुढे सरकण्याचा एक विकार आहे, परंतु तो एक्स-रेमध्ये दिसतो आणि हाताने ढकलून बसत नाही. एमआरआयमधील त्या ओळीनेही घाबरून जाऊ नये, कारण चाळिशीतल्या, कंबर अजिबात न दुखणाऱ्या माणसांच्या तपासण्या केल्या तरी सुमारे निम्म्या जणांत चकती थोडी बाहेर आलेली आढळते.

मणका सरकतो आणि झटक्याने बसतो, या समजाचे मूळ जुने आहे. कायरोप्रॅक्टिकचे जनक डॅनियल डेव्हिड पामर यांनी १८९५ मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट येथे इमारतीची साफसफाई करणाऱ्या एका कर्मचाऱ्याचा मणका दाबून त्याचे बहिरेपण घालवल्याचा दावा केला आणि बहुतेक सर्व रोग मणके हलल्याने होतात, असा सिद्धान्त मांडला. ऐकण्याची नस कानातून थेट मेंदूत जाते, पाठीच्या कण्यातून नव्हे. त्यामुळे ही कथा शरीररचनेच्या पहिल्याच धड्यात अडते. दमा, मधुमेह किंवा लहान मुलांचे कान फुटणे यांवर या उपचाराचा उपयोग होतो, याला विश्वासार्ह पुरावा नाही.

मग बरे का वाटले? कारण आराम खराच असतो. झटक्यानंतर आखडलेले स्नायू सैलावतात आणि वेदनेची जाणीव काही काळ कमी होते. साध्या कंबरदुखीत या उपचाराचा माफक फायदा होतो, साधारण व्यायामाइतकाच. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत तो व्यायामाच्या जोडीनेच द्यावा, असे म्हटले आहे. शिवाय नव्याने उद्भवलेली कंबरदुखी बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप ओसरते. उसण भरली की पायाळू माणसाकडून कमरेला लाथ मारून घ्यायची आपल्याकडची जुनी रीत टिकली ती याच जोरावर. लाथेचे श्रेय खरे तर दिवसांचे होते.

तेव्हा आगाऊ पैसे भरू नयेत. दोन-चार वेळा जाऊन फरक पडला नाही तर थांबावे, आणि चालणे व शिकवलेले व्यायाम मात्र सोडू नयेत. पायातली ताकद कमी झाली, लघवी अडली किंवा मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली, तर कोणत्याही मालिशवाल्याकडे वा क्लिनिककडे न वळता थेट रुग्णालय गाठावे.

प्रश्न : माझ्या आईचे वय ६८ आहे. तिची हाडे ठिसूळ झाली आहेत आणि रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे. मान आखडते म्हणून मोबाइलवरच्या व्हिडिओत टॉवेलने मान ओढतात तसा उपचार करून घ्यायचा, असे तिने ठरवले आहे.
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : आईंना कृपया थांबवा. ठिसूळ हाडांना झटका दिल्यास अस्थिभंग होऊ शकतो, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळीमुळे आत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या असतात. जोराने मान फिरवल्यानंतर त्यांचे अस्तर फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. असे क्वचित घडते, आणि काही रुग्णांत वाहिनी आधीच फाटलेली असल्यामुळेच मान दुखत असते, हेही खरे. पण झटका देणाऱ्याला ते बाहेरून दिसत नाही. मान ओढून घेतल्यानंतर कोणालाही अचानक चक्कर, बोबडी वळणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे किंवा कधी नव्हती अशी डोकेदुखी सुरू झाली, तर घरी पडून राहू नये, तत्काळ रुग्णालयात जावे.

प्रश्न : कायरोप्रॅक्टर हे डॉक्टर असतात का?
— एक वाचक, वाशी

उत्तर : अमेरिकेत त्यांचे अनेक वर्षांचे स्वतंत्र शिक्षण असते आणि राज्याचा परवाना लागतो. भारतात त्यांची नोंदणी करणारी वैधानिक परिषद नाही, त्यामुळे फलकावरून शिक्षणाचा अंदाज येत नाही. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टसाठी राज्य परिषद असल्यामुळे त्यांचा नोंदणी क्रमांक विचारता येतो. समोरची व्यक्ती काय शिकली आहे, कोठे शिकली आहे आणि हात लावण्याआधी पूर्वीचे आजार, चालू गोळ्या व तपासण्या विचारते का, एवढे पाहावे. हे न विचारता थेट मान हातात घेणाऱ्याकडून उठून यावे, मग बाहेर कितीही मोठी रांग असो.