फंड निवडताना आधी खर्च बघा

मागच्या वर्षी अव्वल आलेला म्युच्युअल फंड शोधत बसू नका; यंदाही तो पुढे राहील याची काहीच खात्री नसते. आधी माहितीपत्रक उघडा आणि एक्सपेन्स रेशो, म्हणजे फंड चालवण्याचा वर्षाचा खर्च, किती टक्के आहे ते बघा. या खर्चाचं वेगळं बिल येत नाही, तो एनएव्हीतूनच, म्हणजे फंडाच्या एका युनिटच्या किमतीतूनच, वजा होतो, म्हणून जाणवत नाही. हिशेब करून बघा: वर्षाला ८ टक्के दराने ३० वर्षांत पैसे साधारण १० पट होतात. त्या ८ टक्क्यांतला १ टक्का दरवर्षी खर्चात गेला, तर ७.६ पटच. म्हणजे शेवटी हातात येणाऱ्या रकमेचा जवळजवळ पाव हिस्सा गेला!

एनएव्ही १० म्हणून फंड स्वस्त आणि ५०० म्हणून महाग, हा समज तर डोक्यातून काढूनच टाका. दोन्हींतले शेअर १० टक्के वाढले, तर तुमचे पैसेही सारखेच वाढणार.

व्यवस्थापक शेअर निवडतो अशा फंडाची तुलना त्याच्या निर्देशांकाशी (निफ्टीसारख्या) करा, तीही बाजार पडला होता तो काळ धरून. नवख्या माणसाला मी तरी आधी इंडेक्स फंडच, म्हणजे निर्देशांकातलेच शेअर घेणारा फंड, सुचवेन. आणि दोन-तीन वर्षांत लागणारे पैसे शेअरच्या फंडात अजिबात घालू नका.