कंपनीची नोंदणी झाली, डोमेन मिळालं. आता वेष्टनं छापू का?

छपाईला अजून देऊ नका. तुम्ही लिहिलंय की कंपनी त्या नावाने नोंदवून मिळाली, डोमेनही मिळालं, शोधल्यावर दुसरं कुणी दिसलं नाही, तेव्हा आता वेष्टनं छापायची. नऊ वर्षांपूर्वी मी नेमकी इथेच उभी होते, म्हणून राहवलं नाही. मी वकील नाही आणि कायदा देशागणिक बदलतो, तेव्हा शेवटचा शब्द तुमच्या ट्रेडमार्क वकिलाचा.

मी हाताने साबण बनवून विकायचे. व्यवसाय नोंदणीच्या कार्यालयात मला सांगितलं गेलं, "नाव मोकळं आहे." मी सरळ विचारलं, "म्हणजे मालावर वापरायला हरकत नाही ना?" उत्तर आलं, "मिळालंय ना तुम्हाला, मग वापरा." चौदा महिन्यांनी वकिलाची नोटीस आली. औषधी साबण बनवणाऱ्या एका उद्योगाने जवळजवळ तेच नाव आधीच ट्रेडमार्क करून ठेवलं होतं. रोमन लिपीत दोन्हींत एका 'ए'चा फरक, आणि फोनवर ऐकलं तर तोही नाही. नोटीस घेऊन मी परत त्या कार्यालयात गेले, तर म्हणाले, "ट्रेडमार्क आमच्याकडे येत नाही." नियमाने ते बरोबरच होतं. तिथे फक्त दुसऱ्या कंपनीचं नाव तुमच्या नावाशी जुळतं का एवढंच पाहतात, ग्राहकाची गल्लत होईल का हे पाहत नाहीत. पण मी विचारलं तेव्हाच हे एक वाक्य सांगायला काय हरकत होती? याचा राग अजून गेलेला नाही.

तरी सगळ्यात महागात पडली ती माझी स्वतःची चूक. ट्रेडमार्कची नोंदवही मी पाहिली होती, पण चुकीच्या पद्धतीने. ट्रेडमार्कसाठी माल आणि सेवांची जी आंतरराष्ट्रीय विभागणी वापरतात, त्या नीस वर्गीकरणात ४५ वर्ग आहेत: १ ते ३४ मालाचे, ३५ ते ४५ सेवांचे. साधा साबण वर्ग ३ मध्ये येतो. मी तेवढाच वर्ग उघडला, माझं स्पेलिंग जसंच्या तसं टाकलं, काही आलं नाही आणि निश्चिंत झाले. औषधी साबण वर्ग ५ मध्ये येतो. विकत घेणाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही साबणाच्याच वड्या, त्याला वर्गाशी काय घेणंदेणं? १९९४ च्या ट्रेडमार्क कायदा करारातही हेच आहे: वर्ग एक असल्याने माल सारखा ठरत नाही आणि वर्ग वेगळा असल्याने वेगळाही ठरत नाही. हे मला नोटिशीनंतर कळलं.

वेष्टनं फाडून टाकता आली. पण नाव ठशाने वडीवरच उमटवलेलं होतं. तयार झालेली प्रत्येक वडी मी किसणीवर किसली, वितळवली आणि पुन्हा साच्यात ओतली. त्या वड्या खडबडीत झाल्या, पहिल्यासारख्या विकल्या गेल्या नाहीत. त्याहून वाईट म्हणजे जुने ग्राहक जुन्याच नावाने शोधत राहिले.

म्हणून आधी कागदावर नावाची सगळी रूपं लिहा. आपल्या शब्दांची रोमन स्पेलिंगं पाच-सहा तरी होतात: 'ई'साठी आय की डबल ई, 'व'साठी व्ही की डब्ल्यू, शेवटी ए आहे की नाही. देवनागरी रूप आणि शब्दाचा अर्थही शोधा, कारण काही ठिकाणी भाषांतर जुळलं तरी हरकत निघते. मग तुमच्या मालाच्या आसपासचे सगळे वर्ग बघा. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा ग्लोबल ब्रँड डेटाबेस फुकट आहे. तिथून सुरुवात करा, पण आपल्या देशाची नोंदवही पाहिल्याशिवाय थांबू नका. शिवाय काही देशांत नोंदणी न करता आधीपासून नाव वापरणाऱ्यालाही हक्क असतो, तेव्हा बाजारात आणि सोशल मीडियावरही पाहा.

नावाबद्दल माझं मत ठाम आहे, पटलं तर घ्या. मालाचं वर्णन करणारं नाव नको. ते ग्राहकाला लगेच कळतं हे खरं, पण नोंदणी सहसा अडते आणि झाली तरी संरक्षण कमजोर. कॅमेरे बनवणाऱ्या जॉर्ज ईस्टमनने १८८८ मध्ये नोंदवलेला 'कोडॅक' हा शब्द कुठल्याच भाषेतला नव्हता, हेच त्याचं बळ.

पैसे एकाच अर्जापुरते असतील तर साध्या अक्षरांतल्या नावाचा अर्ज आधी करा, लोगोचा नंतर. नोंदणी होईपर्यंत नावापुढे 'टीएम' (म्हणजे हा आपला ट्रेडमार्क असल्याचा नुसता दावा) लावा. गोलातला 'आर' (म्हणजे नोंदणी झालेला ट्रेडमार्क) आधीच लावणं अनेक देशांत गुन्हा आहे. परदेशात विकायचं मनात असेल तर पॅरिस करारानुसार (हवामानाचा नव्हे, ट्रेडमार्क-पेटंटचा जुना करार) पहिल्या अर्जापासून सहा महिने अग्रक्रम मिळतो, म्हणजे तेवढ्यात दुसऱ्या सदस्य देशात केलेला अर्ज पहिल्या अर्जाच्या तारखेचा धरतात. ती तारीख चुकवू नका.

लोगो बाहेरच्या डिझायनरकडून घेतला असेल तर हक्क तुमच्याकडे दिल्याचं लेखी घ्या. नुसतं बिल भागवल्याने ते अनेक ठिकाणी होत नाही. आणि अर्ज प्रसिद्ध झाला की सरकारी वाटणारी भलतीच बिलं येतात. वकिलाला दाखवल्याशिवाय एकही भरू नका.

अर्ज जाईपर्यंत नाव इथे उघड लिहू नका. काय काय विकणार आहात ती यादी मात्र टाका, कुठले वर्ग तपासावे लागतील ते मी बघून सांगते.