वाचक विचारतात : शिकागोचा हॉट डॉग

प्रश्न : मुलाकडे शिकागोला जातोय. तिथल्या ‘सुपरडॉग’मध्ये गाडीतच खायला आणून देतात, तर मागवायचं कसं? आणि तसा हॉट डॉग घरी केला की सॉसेज फुटतं, पाव ओला होतो. काय चुकतं? – एक वाचक, नाशिक

उत्तर : मिलवॉकी अव्हेन्यूवरचं हे ड्राइव्ह-इन मॉरी आणि फ्लॉरी बर्मन या जोडप्यानं १९४८ साली सुरू केलं. छतावरचे दोन भलेमोठे हॉट डॉग लांबूनच दिसतात. आखलेल्या जागेत गाडी लावा, शेजारच्या स्पीकरवर ऑर्डर सांगा आणि गाडीतच थांबा. कारहॉप, म्हणजे गाडीपर्यंत खाणं आणून देणारे वाढपी, ट्रे आणून खिडकीच्या काचेला अडकवतात, म्हणून काच पूर्ण खाली घेऊ नका, दोन-तीन बोटं वर राहू द्या. ट्रे परत नेईपर्यंत गाडी हलवायची नाही. टिप जरूर द्या. फ्राइज हॉट डॉगच्याच खोक्यात असतात. खोकं बंद राहिलं तर वाफेनं मऊ पडतात, तेव्हा लगेच उघडा. सॉसेज निव्वळ बीफचं असतं. चालत नसेल तर आधीच चिकनचं काय आहे ते विचारा.

आता घरचं. सॉसेज फुटतं ते पाणी खळखळ उकळल्यामुळे. आवरण तडकतं आणि चव पाण्यात उतरते. कडेनं बारीक बुडबुडे आले की आच मंद करून सॉसेज सोडा, ८-१० मिनिटं पुरतात. मग नीट निथळून घ्या. पाव ओला होतो तो झाकणावरून गळणाऱ्या पाण्यानं. झाकणाला फडकं बांधा आणि पाव चाळणीवर एकच मिनिट वाफवा. खसखस लावलेला पाव मिळाला तर उत्तम.

पावात सॉसेज, त्यावर पिवळी मस्टर्ड (मोहरीचा सॉस), गोड हिरवं रेलिश (काकडीचं बारीक चिरलेलं गोड लोणचं), बारीक चिरलेला कांदा. एका कडेला टोमॅटोच्या दोन फोडी, दुसऱ्या कडेला शेपू घातलेल्या काकडीच्या लोणच्याची लांब फोड, वर व्हिनेगरमधल्या दोन लहान मिरच्या. केचप नाही! शिकागोकर यावर हटून बसतात आणि ते योग्यच आहे. गोडवा रेलिशमध्ये आहे, टोमॅटो आहेच. केचपची साखर पडली की मस्टर्डचा झणका दबतो. फ्राइजबरोबर खुशाल घ्या.

शेवटी चिमूटभर सेलरी सॉल्ट. ते नसेल तर सेलरीच्या बियांची एक भाग पूड आणि दोन भाग मीठ एकत्र करा. दिसायला सारखा म्हणून ओवा घालू नका, त्याच्या उग्र वासापुढे बाकी काहीच लागत नाही. सुपरडॉगची खास चव हवी असेल तर ताज्या टोमॅटोऐवजी व्हिनेगरमध्ये मुरवलेला हिरवा टोमॅटो घ्या.